बिघाड सगळ्यांकडेच होते : सिंबियनचा इतिहास कसा वाचायचा?

'नोकिया का बुडाली?' हा प्रश्न कुठल्याही एमबीएच्या वर्गात विचारा, उत्तर तयार असतं. आयफोन आला, नोकिया झोपून राहिली, संपलं. गेल्या महिन्यात पीएचडीच्या प्रवेशासाठी विषय शोधणाऱ्या दोघातिघांनी मला विचारलं, की स्मार्टफोनच्या इतिहासात आता संशोधन करण्यासारखं काही उरलंय का, सगळं तर सगळ्यांना माहीतच आहे. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या तुमच्यासाठी. 'सगळ्यांना माहीत आहे' हे वाक्य ऐकू आलं, की तिथे खणायला हरकत नसते.

आधी दोन आकडे समोर ठेवते. गार्टनरच्या मोजणीनुसार जगभरात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनमध्ये सिंबियनचा वाटा २००९ साली ४६.९ टक्के होता आणि २०१० साली ३७.६ टक्के. झाली घसरण. पण त्याच २०१० मध्ये नोकियाने सुमारे दहा कोटी स्मार्टफोन विकले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त. वाटा घटतोय आणि विक्री वाढतेय, हे एकाच वेळी चाललेलं. झोपलेली कंपनी असं करत नाही. मग नेमकं काय होत होतं? माझ्या मते याचं उत्तर शोधायला बाजारापेक्षा सॉफ्टवेअरच्या पोटात शिरायला हवं. ते कुठे जन्मलं, कसं बांधलं आणि लोकांच्या हातातल्या फोनपर्यंत कसं पोचवलं, ते पाहायला हवं.

दोन पेन्सिल सेलवरचा संसार

सिंबियन मुळात फोनसाठी लिहिलेलीच नव्हती. लंडनची सायन नावाची कंपनी खिशात मावणारे छोटे संगणक बनवायची. १९९७ साली त्यांचा 'सिरीज ५' आला. आत १८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ४ किंवा ८ एमबी मेमरी, आणि हे सगळं चालायचं दोन साध्या पेन्सिल सेलवर. त्यातली कार्यप्रणाली म्हणजे ईपॉक३२. जून १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन लिमिटेड ही कंपनी काढली आणि ईपॉकचीच पुढे सिंबियन ओएस झाली.

आता जरा त्या काळच्या अभियंत्यांच्या जागी बसा. यंत्र कधी बंद होत नाही, महिनोन्महिने चालूच असतं. मेमरी चिमूटभर. एखाद्या प्रोग्रामने वापरलेली मेमरी परत दिली नाही, तर गळती साठत जाणार आणि एक दिवस वापरणाऱ्याची डायरी उडणार. शिवाय सी++ भाषेचं पहिलं प्रमाण अजून यायचं होतं, ते १९९८ साली आलं. चूक झाली तर ती वर कळवायची जी सोय आज त्या भाषेत आपण गृहीत धरतो, ती तेव्हाच्या कंपायलरमध्ये भरवशाची नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत शोधली. वापरात असलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद प्रोग्रामरने स्वतः एका 'क्लीनअप स्टॅक'वर करायची. वस्तू एका दमात न बनवता दोन टप्प्यांत बनवायची. साधं वाक्य साठवायचं असलं तरी 'डिस्क्रिप्टर' नावाचा प्रकार वापरायचा, आणि त्याचेही चारपाच पोटप्रकार. एकाच वेळी अनेक कामं करायची असतील तर थ्रेड नकोत, 'ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट' घ्या.

हे सगळं त्या यंत्रासाठी हुशारीचं होतं. अगदी काटकसरीने चालवलेला संसार. पुढच्या काळातल्या लेखांमध्ये या पद्धतीची टिंगल वाचायला मिळते, आणि इथे तुम्हाला थांबवावंसं वाटतं. २०१० च्या चष्म्यातून १९९४-९७ चे निर्णय तपासणं हा इतिहासलेखनातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट रस्ता आहे. त्या वेळी त्या लोकांसमोर कोणते पर्याय होते, हे आधी लिहा. मग दोष द्या.

प्रश्न वेगळाच आहे. मेमरी स्वस्त झाली, प्रोसेसर वेगवान झाले, तरी ती काटकसर तशीच राहिली. का? कारण तोवर त्या पद्धतीने लाखो ओळी लिहून झाल्या होत्या. पहिल्या निर्णयाची किंमत पुढचा प्रत्येक जण भरत जातो, याला अर्थशास्त्रात आणि इतिहासात 'पाथ डिपेंडन्स' म्हणतात. तुमच्या प्रस्तावात हा शब्द येणारच, पण नुसता शब्द टाकू नका. कोणता निर्णय, कुणाला, किती महाग पडला, हे दाखवता आलं तरच तो वापरा.

एक पाया, चार घरं

दुसरा प्रश्न भागीदारीतला. सिंबियन लिमिटेडचे मालक म्हणजे एकमेकांचे स्पर्धक. त्यांनी ठरवलं की पाया सामाईक ठेवायचा आणि वर दिसणारा भाग, म्हणजे स्क्रीन, मेनू, बटणं, ज्याने त्याने आपापला करायचा. नोकियाने एका हाताने, अंगठ्याने वापरायच्या फोनसाठी सिरीज ६० केला. २००२ चा ७६५० हा त्यातला पहिला. सोनी एरिक्सनच्या पी८०० सारख्या फोनसाठी यूआयक्यू होता, त्याला काडीने टोचायचा टचस्क्रीन. जपानमध्ये डोकोमोचा मोॲप. शिवाय नोकियाच्याच घरात कम्युनिकेटरसाठी सिरीज ८० आणि २००४ च्या ७७१० साठी सिरीज ९०.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 'सिंबियनला टच नव्हता' हे वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल, ते चूक आहे. सिंबियनवर टचचे फोन आयफोनच्या पाच वर्षं आधीपासून होते. टच नव्हता तो सिरीज ६० ला, जो सगळ्यात जास्त खपत होता. नोकियाने स्वतःचा टचवाला सिरीज ९० एका फोननंतर गुंडाळला, यूआयक्यू बनवणारी कंपनी २००९ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली, आणि सिरीज ६० मध्ये टच आला तो २००८ च्या अखेरीस ५८०० एक्सप्रेसम्युझिकमध्ये. म्हणजे ज्ञान होतं, पण शेजारच्या खोलीत होतं.

आणि आला तोही कसा? बटणांसाठी बांधलेल्या घराला बाहेरून जिना लावावा तसा. यादी असेल तर एका टिचकीने ओळ निवडली जायची आणि दुसऱ्या टिचकीने उघडायची. चित्रांचा मेनू असेल तर पहिल्याच टिचकीला उघडायची. बटणांच्या फोनवर आधी त्या ओळीवर जायचं आणि मग 'ओके' दाबायचं, ही जी दोन पावलं होती, त्यांचं भूत टचस्क्रीनवर बसलेलं. (तिसऱ्या आवृत्तीनंतर एकदम पाचवी आली, चौथी आलीच नाही. यावर भरपूर विनोद झाले, आपल्या कामाचा त्यातला एकही नाही.)

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एक निरीक्षण मांडलं होतं, की संस्थेची रचना जशी असते तशीच तिने बनवलेल्या प्रणालीची रचना होते. सिंबियन हे त्याचं जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. 'जवळजवळ' का म्हटलं ते पुढे येईलच.

२००६ : सगळी ॲप एका दिवसात जुनी

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. जून २००४ मध्ये कॅबिर नावाचा वर्म उघडकीला आला. सिरीज ६० च्या फोनवर ब्लूटूथमधून पसरणारा. तो गुपचूप शिरायचा नाही, चक्क परवानगी मागायचा. 'नाही' म्हटलं तर पुन्हा मागायचा. पुन्हा नाही, पुन्हा मागणी. वैतागून माणूस एकदाचं 'हो' दाबायचा. नुकसान म्हणाल तर बॅटरी उतरण्यापलीकडे फार नव्हतं, पण धसका बसला. त्यात ऑपरेटर कंपन्यांना आपल्या नेटवर्कवर अनोळखी प्रोग्राम नकोच होते.

याला उत्तर म्हणून २००५ मध्ये सिंबियन ९.१ आली, 'प्लॅटफॉर्म सिक्युरिटी' घेऊन. कल्पना काळाच्या पुढची होती. प्रत्येक प्रोग्रामला काय काय करता येईल याचे वीसेक वेगवेगळे परवाने. काही वापरणारा स्वतः देऊ शकतो, काही सही करून घ्यावे लागतात, आणि काही फक्त फोन बनवणारी कंपनी देणार. आज तुमच्या फोनवर 'या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा का' असं विचारलं जातं, त्याचीच ही आधीची आवृत्ती म्हणा ना.

पण याच वेळी आतला कंपायलरचा सांधाही बदलला. परिणाम असा, की ९.१ च्या आधी बनवलेलं एकही सिंबियन ॲप ९.१ वर चालणार नव्हतं. दुरुस्त करून नाही, तर पुन्हा बांधून, काही वेळा पुन्हा लिहून. हे फोन २००६ मध्ये बाजारात आले. आपल्याकडे तेव्हा एन७० भलताच लोकप्रिय होता, तो आधीच्या ८.१ वर होता. एन७३ नव्या ९.१ वर. दुकानात दोघं शेजारी शेजारी, दिसायला भाऊ, आणि एकाचं ॲप दुसऱ्यावर चालत नाही. दुकानदारालाही ते समजावून सांगता यायचं नाही.

सहीचं प्रकरण तर वेगळाच जाच. स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या फोनवर तपासायचा, तर फोनच्या आयएमईआय क्रमांकाला बांधलेलं प्रमाणपत्र घ्यावं लागायचं. प्रमाणपत्राची मुदत संपली की ॲप बसायचं नाही. त्यावर लोकांनी काय उपाय काढला असेल? फोनची तारीख मागे न्यायची, ॲप बसवायचं, तारीख परत पुढे आणायची. तेव्हा कॉलेजात असलेल्या कुणालाही विचारा, सांगतील. सुरक्षेसाठी केलेली व्यवस्था जेव्हा घड्याळ मागे फिरवून चुकवता येते, तेव्हा तिने चोराला अडवलं की सज्जनाला, हा प्रश्न संशोधनाचा आहे आणि तो अजून नीट कुणी सोडवलेला माझ्या वाचनात नाही.

आता हे सगळं एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नजरेतून मोजा. २००३ मध्ये तुम्ही डिस्क्रिप्टर आणि क्लीनअप स्टॅक शिकलात. २००६ मध्ये सगळं पुन्हा बांधलंत आणि सह्यांचे पैसे भरलेत. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक कंपनी घेतली आणि सांगितलं की यापुढे 'क्यूटी' शिका. मग सिंबियनच्या चौथ्या पिढीसाठी क्यूटीवर बसणारा 'ऑर्बिट' नावाचा नवा थर येणार म्हणून जाहीर झालं. ऑक्टोबर २०१० मध्ये कळलं, की चौथी पिढी अशी वेगळी येणारच नाही, सुधारणा थोड्या थोड्या देऊ. आणि ११ फेब्रुवारी २०११ ला घोषणा झाली की पुढचे फोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर, जिथे क्यूटी नाही. आठ वर्षांत पाच वेळा पाटी पुसायची. यातला प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर समर्थन करता येतो, हे मुद्दाम सांगते. एकत्र ठेवले तर मात्र ॲप लिहिणारा माणूस पळून का गेला ते वेगळं सांगावं लागत नाही.

बॅटरीखालचा सात आकडी क्रमांक

नवीन सॉफ्टवेअर तयार होणं एक आणि ते तुमच्या हातातल्या फोनवर येणं दुसरं. नोकियात हा प्रवास लांबलचक होता. सिंबियन कंपनी मूळ प्रणाली द्यायची, त्यावर एस६० चा गट आपला थर चढवायचा, मग प्रत्येक फोनचा गट आपली वेगळी फांदी काढून त्यात त्या फोनपुरते बदल करायचा. एका फोनच्या फांदीत केलेली दुरुस्ती मूळ झाडाकडे परत जाईलच असं नाही. इव्ह दोझ आणि कीली विल्सन यांनी नोकियावर सविस्तर अभ्यास केलाय. त्यांच्या मते २००९ पर्यंत नोकिया आपल्या कार्यप्रणालीच्या ५७ वेगवेगळ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या आवृत्त्या वापरत होती. रिस्टो सिलास्मा पुढे नोकियाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय, की सिंबियनचं संपूर्ण कंपाइल व्हायला ४८ तास लागतात हे कळल्यावर त्यांना धक्का बसला होता. म्हणजे आज केलेला बदल बरोबर की चूक, ते परवा कळणार.

हे झालं कारखान्यात. बाहेर काय? बॅटरी काढली की खाली एका चिठ्ठीवर सात आकडी 'प्रॉडक्ट कोड' असायचा. तोच मॉडेल, पण रंग वेगळा, देश वेगळा, ऑपरेटर वेगळा, भाषांचा संच वेगळा, की कोड वेगळा. आणि नवं फर्मवेअर कोडनुसार सुटायचं. युरोपातल्या काळ्या फोनला आज, आपल्याकडच्या फोनला दोन महिन्यांनी, एखाद्या ऑपरेटरच्या फोनला कधीच नाही, असं सर्रास व्हायचं. *#०००० दाबून # मारलं की आपली आवृत्ती दिसायची, आणि लोक ती एकमेकांशी ताडून पाहायचे. मग 'नेमेसिस' नावाचं एक अनधिकृत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यायचं, फोनचा कोड बदलून युरोपचा करायचा, की नोकियाचा अधिकृत अपडेटर बिनबोभाट नवं फर्मवेअर द्यायचा. तो अपडेटर फक्त विंडोजवर चालायचा, जुन्या मॉडेलमध्ये अपडेट करताना फोनमधलं सगळं पुसलं जायचं, आणि मध्येच वीज गेली तर फोनची वीट.

आपल्याकडे भारनियमनाच्या त्या वर्षांत ही जोखीम कोण घेणार? म्हणून माणसं मोबाईलच्या दुकानात जाऊन 'सॉफ्टवेअर मारून' घ्यायची. हा शब्दप्रयोग आजही जिवंत आहे. अधिकृत दुरुस्तीची वाट जिथे अडते तिथे गल्लीतला कारागीर उभा राहतो, आणि कंपनीच्या कागदपत्रांत त्याचा मागमूस नसतो. भाषेमुळे आणि जागेमुळे तुमच्यापैकी कुणाला या विषयात असं काही सापडू शकतं, जे हेलसिंकीतल्या संशोधकाला सापडणार नाही, तर ते इथे आहे. पुण्यामुंबईत, नाशकात, कोल्हापुरात त्या काळात दुकान चालवणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या मुलाखती घ्यायला हव्यात.

एन९७ : अकरा महिने

हे सगळे धागे एका फोनमध्ये एकत्र पाहायचे तर एन९७ घ्या. २ डिसेंबर २००८ ला मोठ्या थाटात जाहीर झाला. बाजारात आला जून २००९ मध्ये. आत ३२ जीबी साठवण, त्या काळी डोळे पांढरे करणारी. पण प्रणालीचं स्वतःचं काम ज्या सी: ड्राइव्हवर चालायचं, तिथे मोकळी जागा शंभर एमबीपेक्षाही कमी. बरीचशी ॲप आणि तात्पुरत्या फायली तिथेच जाऊन बसायच्या. म्हणजे वाड्याला ३२ खोल्या, पण स्वयंपाकघर माडीखालच्या कपाटात. चालती मेमरी १२८ एमबी, त्यातली बरीच सुरुवातीलाच खर्च. ब्राउझर उघडला की मागचं काहीतरी मिटायचं. कॅमेऱ्याची सरकती झाकणी काचेवर ओरखडे काढायची, ते आणखी वेगळं.

बोटाने ढकलल्यावर यादी सरकत राहणं, मोकळी मेमरी वाढणं, अशा सुधारणा देणारं २० क्रमांकाचं फर्मवेअर आलं २००९ च्या ऑक्टोबरअखेरीस. आणि तेही, वर सांगितलं तसं, कोडनुसार. घोषणेपासून मोजलं तर जवळपास अकरा महिने. पुढच्या वर्षी नोकियाचेच वरिष्ठ अधिकारी अँसी वान्योकी यांनी जाहीरपणे मान्य केलं, की या फोनच्या अनुभवाने ग्राहकांची मोठी निराशा झाली.

यंत्रात दोष होता हे कळणं अवघड नव्हतं. मग तो तसाच का सुटला? टिमो वुओरी आणि की ह्वी यांचा २०१६ साली छापलेला अभ्यास इथे वाचायलाच हवा. नोकियातल्या आणि बाहेरच्या ७६ जणांच्या मुलाखती घेऊन त्यांनी मांडलं, की वरच्यांना भीती होती बाहेरच्या स्पर्धेची आणि तिमाही आकड्यांची, मधल्यांना भीती होती वरच्यांची. त्यामुळे 'वेळेत होणार नाही' हे वाक्य खालून वर पोचताना मऊ होत जायचं. तारीख आधी ठरायची, सॉफ्टवेअर तिच्यामागे धापा टाकत यायचं. मला हा युक्तिवाद पटतो. पण मुलाखती कोसळल्यानंतर घेतलेल्या आहेत, आणि पराभवानंतर प्रत्येकाची आठवण थोडी सुसंगत होते, हे ध्यानात ठेवून वाचा.

आता उलटतपासणी

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झालं, सिद्ध झालं: वाईट रचना आणि वाईट वितरण, म्हणून सिंबियन हरली. थांबा. परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारेल: मग अँड्रॉइड का जिंकली?

कारण अँड्रॉइडचे सुरुवातीचे दोष काही कमी नव्हते. तिचा पहिला फोन, एचटीसीचा जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. त्यात स्क्रीनवरचा कीबोर्डच नव्हता. तो एप्रिल २००९ च्या १.५ आवृत्तीत आला. ॲप बसवायला जागा जेमतेम ७० एमबी आणि ॲप मेमरी कार्डावर टाकायची सोय मे २०१० च्या २.२ पर्यंत नाही. म्हणजे एन९७ चाच आजार! आणि एक तर इतका भन्नाट दोष होता, की ऐकून हसू येतं. फोनवर कुठेही, अगदी मेसेज लिहितानाही, 'रीबूट' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबलं, की फोन खरंच बंद होऊन सुरू व्हायचा. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर मागे सर्वाधिकार असलेल्या एका शेललाही ऐकू जात होतं. आयफोनचंही तेच: २००७ मध्ये बाहेरची ॲप नाहीत, एमएमएस नाही, आणि कॉपी-पेस्ट आलं ते जून २००९ मध्ये.

बरं, वितरण तरी चांगलं होतं का? रीबूटचा दोष काही दिवसांत हवेतून अपडेट देऊन बुजवला, ते खरं. पण पुढे उत्पादक वाढले आणि अँड्रॉइडची गत सिंबियनसारखीच झाली. जी१ ला १.६ च्या पुढे अधिकृत अपडेट मिळालंच नाही. मे २०११ मध्ये गुगलने उत्पादकांना आणि ऑपरेटरना एकत्र बसवून दीड वर्ष अपडेट देण्याचं वचन जाहीर केलं, आणि ते हवेत विरलं. रचनेतच बदल करून हा गुंता सोडवायचा मोठा प्रयत्न झाला तो २०१७ मध्ये, आठव्या आवृत्तीबरोबर. आपल्याला याची झळ चांगलीच आठवत असेल. देवनागरी टंक मूळ अँड्रॉइडमध्ये आला तो २०११ च्या अखेरच्या ४.० आवृत्तीत. ज्यांच्या फोनला ती मिळाली नाही आणि उत्पादकानेही स्वतःची सोय केली नव्हती, त्यांना मराठी मजकुराच्या जागी पुढची कितीतरी वर्षं चौकोनच दिसले.

तर तुलनेतून दिसतं असं, की 'दोष होते' आणि 'अपडेट उशिरा यायचे' ही दोन्ही कारणं एकेकटी पुरत नाहीत. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे, ते फरकाचं कारण होऊ शकत नाही. ही तर्काची साधी पायरी आहे, पण मी वाचलेल्या बऱ्याच लघुप्रबंधांत नेमकी हीच गाळलेली असते.

मग फरक कुठे? माझं सध्याचं म्हणणं असं. अँड्रॉइडवर फोन जुना राहिला तरी ॲप जुनं होत नव्हतं. १.५ साठी लिहिलेलं ॲप २.२ वर साधारणपणे चालायचं, कारण ते थेट प्रोसेसरच्या भाषेत बांधलेलं नसून मधल्या एका आभासी यंत्रासाठी बांधलेलं असायचं. २०११ पासून नव्या सोयी जुन्या फोनवर ॲपबरोबरच देण्याची लायब्ररी आली, २०१२ पासून गुगलने आपल्या सेवा कार्यप्रणालीपासून सोडवून वेगळ्या पोचवायला सुरुवात केली. म्हणजे वितरणाचा नळ तुंबलेलाच होता, त्यांनी बाजूने दुसरी पाइपलाइन टाकली. आणि मेमरी सढळ हाताने वापरली: २००८ च्या जी१ मध्ये १९२ एमबी, २००९ च्या महागड्या एन९७ मध्ये १२८. सिंबियनची काटकसर ही तिची शान होती, म्हणून ती सोडवली नाही. दोष दोघांकडे होते, पण सिंबियनवर त्यांचा खर्च दर वेळी ॲप लिहिणाऱ्याच्या माथी आला. कॉनवेचं निरीक्षण मघाशी 'जवळजवळ' म्हणून सोडलं ते यासाठीच: संस्थेच्या रचनेने घराचा आराखडा समजतो, पण भाडेकरू का सोडून गेले ते समजायला भाड्याच्या पावत्या पाहाव्या लागतात.

हे म्हणणं कशाने खोटं ठरेल, तेही सांगते. याच काळातल्या सिंबियन विकसकांच्या नोंदी तपासल्या आणि ते २००६ मध्ये न जाता मोठ्या संख्येने २०१० नंतरच गेले असं दिसलं, तर ९.१ च्या तोडमोडीला मी देते तेवढं वजन देता येणार नाही. मग अँड्रॉइडची ओढ हेच मोठं कारण ठरेल.

ते तपासायचं तर साधनं हवीत, आणि तिथे घाई आहे. सिंबियनचा स्रोतसंकेत ४ फेब्रुवारी २०१० ला सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सिंबियन फाउंडेशनची संकेतस्थळं बंद झाली, आणि संकेत हवा असेल तर विनंती करून डिस्कवर मागवा, असं सांगण्यात आलं. लोकांनी उतरवून ठेवलेल्या प्रती आज इंटरनेटवर मिळतात. त्यात गाभा आहे, एस६० चे बरेचसे थर आहेत. पण एखाद्या विशिष्ट फोनचं फर्मवेअर जसंच्या तसं त्यातून बांधता येत नाही, कारण त्या त्या हार्डवेअरशी बोलणारा भाग त्यात नाही. म्हणजे ५७ फांद्यांचं झाड अभ्यासायचं आणि हातात आहे खोड. फांद्या सापडतील तर जुन्या फोनमध्ये, आणि ज्यांनी तेव्हा फर्मवेअरच्या फायली जमवल्या अशा दुकानदारांच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये. उन्हाळ्याच्या सुटीत कुणाला वेळ असेल तर आपल्या गावातल्या दुकानापासून सुरुवात करा. जाताना एक रिकामी डिस्क आणि मुलाखतीचं संमतिपत्र बरोबर न्या, आणि फोन हातात आला की बॅटरीखालच्या चिठ्ठीचा फोटो आधी काढा. ती शाई पुसट होत चालली आहे.